खोल समुद्रातली चाचणी

आमच्या ऑफिसात अहवाल लिहायचं काम माझं. यंत्र एकाने बनवायचं, तपासायचं दुसऱ्याने, आणि ते कसं तपासलं हे तक्ते करून, क्रमांक घालून, शुद्ध भाषेत मी लिहायचं. तीन वर्षं हेच करतेय. मागे माझा एक अहवाल वाचून पुण्याहून मुद्दाम फोन आला होता, अक्षया मॅडम, किती सुबक लिहिता म्हणून. तो फोन आठवला की आता लाज वाटते.

यंत्र तसं साधं. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, होडीच्या केबिनवर बसवायची. समुद्रात काही विपरीत घडलं की तांडेलाने, म्हणजे होडीच्या कप्तानाने, तिचं लाल बटण दाबून धरायचं. होडी कुठे आहे ते किनाऱ्यावर कळतं. बंदराजवळ असाल तर निरोप मोबाइलच्या टॉवरवरून जातो. लांब गेलात की रेंज संपते, मग तो उपग्रहावरून जायला हवा. पुण्याची एक संस्था आमच्या भागातल्या चाळीस होड्यांवर या पेट्या बसवणार होती आणि आतलं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं.

त्याच्या चाचण्या आमच्या ऑफिसातला नितेश लिहितो. ऑटोमेटेड चाचणी म्हणजे संगणकच रोज खोटे खोटे संकटाचे निरोप पाठवतो आणि पोचले का ते बघतो. पोचला तर हिरवी खूण, नाही तर लाल. नितेशने दिलेल्या तक्त्यात तीनशे बारा खुणा होत्या, सगळ्या हिरव्या. शिवाय 'खोल समुद्रातली चाचणी' असं वेगळं प्रकरण होतं. त्यात चाळीस होड्या, चाळीस तांडेल, चाळीस सह्या. मी ते चौसष्ट पानांत देखणं मांडलं, शेवटच्या 'पडताळणी' या चौकटीत माझी सही ठोकली आणि जुलैच्या मध्याला पाठवून दिलं. अहवाल मंजूर झाला. आठवड्याभरात पेट्या होड्यांवर बसल्यासुद्धा.

तीस जुलैला पुण्याहून मेल आला. लॉग फाइली जोडायच्या राहिल्या आहेत, प्रत्येकीत काय आहे ते एका ओळीत लिहून पाठवा. लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी. किती वाजता काय झालं ते यंत्र आपलं आपण लिहून ठेवतं. माणूस विसरतो, सावरून घेतो, यंत्राला तेवढी अक्कल नसते. मी त्या फाइली तोवर एकदाही उघडल्या नव्हत्या. अहवाल लिहायला त्यांची गरजच पडली नव्हती, यातच काय ते समजा.

पहिली ओळ अशी होती: अकरा जून, तांडेल गुणाजी, वेग शून्य, मार्ग मोबाइल.

अकरा जून! रत्नागिरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की एक जून ते एकतीस जुलै मासेमारीला बंदी असते. होड्या खाडीत ओढून, ताडपत्रीने शाकारून ठेवलेल्या असतात. खोल समुद्रात तेव्हा जातंय कोण? मी खाली खाली गेले. बारा जून, चौदा जून, वीस जून. चाळीसच्या चाळीस होड्यांचा वेग शून्य, मार्ग मोबाइल. उपग्रहाच्या चाचण्यांसमोर प्रत्येक वेळी एकच शब्द होता, 'वगळली'. आणि वगळलेल्या चाचणीला हिरवी खूण द्यायची, अशी सोय नितेशने करून ठेवली होती.

मला नितेशची किळस आलीच, पण खरी शिसारी आली ती माझा अहवाल उघडल्यावर. पान एकेचाळीस. तारखा तिथेच होत्या. अकरा जून, बारा जून, चौदा जून, माझ्याच हाताने टाइप केलेल्या, वर ठळक अक्षरांत 'खोल समुद्रातली चाचणी'. पुण्याच्या माणसाला नाही कळलं तर समजू शकते. मी खाडीकाठच्या भाट्याची, कोळ्याची मुलगी. जून-जुलैत बाप घरात बसून जाळी विणतो हे बघत वाढले, आणि मी त्या तारखांना छान निळी चौकट काढली होती.

शुभंकर सरांच्या केबिनमध्ये गेले. ते आमचे मालक, शिकले मुंबईत, पण जन्म इथलाच. त्यांना मी फाइल दाखवली. त्यांनी ती बघितलीही नाही.

"बंदी होती, अक्षया. होड्या बाहेर कशा काढणार? आणि पुण्याला मुदत दिली होती जुलैची."

"मग खोल समुद्र कशाला लिहिलं?"

"फॉर्मवर तसा रकाना होता." ते हसले. "पुण्यात कुणाला ठाऊक आहे बंदी कधी असते ते?"

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं! मी म्हटलं, परवा होड्या सुटणार, तांडेलांना आजच्या आज कळवा की उपग्रहाचा भाग तपासलेला नाही. त्यावर ते म्हणाले, "ऑगस्टमध्ये एखादी होडी पाठवू आणि करू खरी चाचणी. तोवर कुणी बुडेलच असं कशाला धरून चालायचं? आणि एक लक्षात ठेव, पडताळणीला सही तुझी आहे."

पेटी कदाचित चालतही असेल. तेच तर. चालते की नाही हे त्या अख्ख्या ऑफिसात एकाही माणसाला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावंसं कुणाला वाटलंही नव्हतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. मी पुण्याला मेल लिहिला, चार ओळींचा, न सजवलेला. तिकडून उत्तर आलं की पुढच्या बैठकीत विषय घेऊ.

एकतीस तारखेला दुपारी रजा टाकून खाडीवर गेले. ताडपत्र्या उतरल्या होत्या. बर्फ चढत होता, डिझेल भरलं जात होतं, जो तो घाईत. गुणाजीकाका, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आपल्या होडीवर दोर गुंडाळत बसले होते.

"काय गो अक्षे, हापिस सुटलं येवड्यात?"

"काका, जूनमध्ये या पेटीचं बटण दाबलं होतंत ना?"

"दाबलं की. हितंच बसून, ताडपत्रीखाली. तुमचा त्यो पोरगा पेटी घिऊन आलता, म्हनला, काका, दाबा. दाबलं. म्हनला, ग्येलं. मंग सही क्येली."

"त्या कागदावर खोल समुद्र लिहिलं होतं."

"व्हय. वाचलं मी."

"वाचलंत? आणि तरी सही केलीत?" मला त्यांचाही राग आला. म्हटलं, इथून तिथून सगळे सारखेच.

काकांनी दोर खाली ठेवला. "म्हनलं, अक्षी हाय थितं. आमची पोर. कायतरी वाकडं आसतं तर तिनं जाऊ दिलं आसतं काय? माजी सही बगून बाकीच्यांनी पन क्येल्या."

मी मान वर केली तेव्हा केबिनवरचा खांब दिसला. त्याला इतकी वर्षं वायरलेसची एरियल असायची. आता तिथे आमची पांढरी पेटी होती.

"वायरलेस कुठे आहे?"

"घरी न्हेऊन ठेवला. जुना झालाय, खरखरतो. आता ही आली, दोन दोन कशाला? समद्यांनीच काढलेत." ते कौतुकाने पेटीकडे बघत होते. "उद्या पहाटं सुटतोय. आठ मानसं हायत."

मला किळस आली. डिझेलच्या वासाची नाही, माझी मलाच.

"काका, मी बघितलं नव्हतं," मी म्हटलं. "न बघताच सही केली. लांब गेल्यावर ही चालते की नाही, कुणालाच माहीत नाही."

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हत्यारांच्या पेटाऱ्यातून पाना काढला आणि माझ्या हातात दिला. मी वर चढून चारही बोल्ट काढले. हाताला ग्रीस लागलं, एक नख तुटलं. तेवढ्यात त्यांनी मुलाला वायरलेस आणायला घरी पिटाळलं.

"बाकीच्यांना तुम्ही सांगाल ना?" खाली उतरल्यावर मी विचारलं.

"मी न्हाय." ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. "त्यांनी माज्यावर सह्या क्येल्या, मी तुज्यावर. तूच सांग. येकोनचाळीस हायत."

पेटी काखेत मारून मी शेजारच्या होडीवर गेले. विठू तांडेल केबिनच्या टपावर फडकं घेऊन उभा होता. मला बघून त्याचा चेहरा खुलला.

"ये गो, ये," तो म्हणाला. "बग, कशी घट्ट बसवलीय तुजी पेटी."