पान्ह्यापुरतं वासरू

मी वासरू बोलतोय. पुरतं वासरू नव्हे हो, कातड्यापुरतं. वरचं कातडं माझं, आतला पेंढा भाताचा आणि पायांच्या जागी बांबूच्या काठ्या. मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागात, मॅन्शन म्हणतात त्या भाड्याच्या खोल्यांत राहणारे सडेफटिंग मला बघून रोज दात काढायचे. काढा बापडे! सकाळी तुमच्या कापीत, म्हणजे कॉफीत, दूध पडायचं ते माझ्यामुळे, एवढं ध्यानात ठेवलंत तरी पुष्कळ.

जन्मलो तेव्हा मी चांगला उड्या मारणारा गोऱ्हा होतो. आईचं नाव लच्चुमी. आम्हा दोघांची धनीण अलमेलू. नवऱ्याच्या मागे तिने या एका गाईवर घर चालवलं. पहाटे ती आम्हाला गल्लीतून न्यायची आणि गिऱ्हाइकाच्या दारातच दूध काढून द्यायची. पाणी घातलेलं नाही हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय आमच्या मद्रासची माणसं दूध घेत नाहीत. आधी मला आईला लुचू द्यायचं, तिला पान्हा फुटला की मला बाजूला ओढायचं, अशी रीत. राग यायचा मला. पण ते दोन घोट अजून विसरलो नाही.

मग दिवाळीचा पाऊस लागला. इकडे पाऊस दिवाळीतच येतो. एका सकाळी माझा गळा सुजला, श्वास घरघरायला लागला आणि दिवस मावळायच्या आत मी गेलो. आईचा हंबरून हंबरून घसा बसला. दुसऱ्या दिवशी तिने पान्हा सोडलाच नाही. कास भरलेली, पण दुधाचा थेंब येईना.

तेव्हा अलमेलूने इथले गवळी करतात तेच केलं. माझं कातडं मीठ लावून वाळवलं, शिवलं आणि आत पेंढा भरला. शिवताना तिची आसवं माझ्यावर गळत होती. लोक तिला निष्ठूर म्हणतात म्हणून मुद्दाम सांगतो. मला आईसमोर ठेवलं. तिने हुंगलं, थांबली, आणि चाटायला लागली. पान्हा फुटला. तिला फसवलं असं तुम्ही म्हणाल. मला नाही तसं वाटत. हे पोर लुचत नाही, हलत नाही, एवढं तिला कळत नसेल होय? कळत होतं. तरी ती चाटायची.

गल्लीच्या टोकाला कृष्णवेणीबाईंचं घर. तंजावरकडची मराठी माणसं. माझी ही भाषा त्यांनीच दिलेली. मुलं घरात तमिळच बोलायची, म्हणून बाई ओट्यावर बसून माझ्याशी मराठीत बोलायच्या. याला आई दिसणार कशी, असं एकदा त्यांच्या मनात आलं. लगेच त्यांनी नवऱ्याच्या कोटाची दोन काळी बटणं कापली आणि माझ्या डोळ्यांच्या जागी शिवली. नवरा, म्हणजे सेतुमाधवराव, शाळेत मास्तर. पुढे कितीतरी दिवस ते हाताने कोट आवळून धरत शाळेत गेले, पण बटणं परत मागितली नाहीत.

पुढचा पाऊस जवळ आला तेव्हा लच्चुमीच्या पोटात माझं भावंड होतं. अलमेलू तिला जपायची, स्वतःची पेज कमी करून तिला पाजायची. त्यातच सरकारचे जनावरांचे डॉक्टर, चंद्रमौळी त्यांचं नाव, लशीची पेटी घेऊन गल्लीत आले. अलमेलूने गाय घाईघाईने कृष्णवेणीबाईंच्या अंगणात लपवली. सुईने दूध आटतं, गाभ पडतो, असं तिने ऐकलं होतं.

घाईत ती मला मात्र बाहेर बाईंच्या ओट्यावरच विसरली. डॉक्टर माझ्यापाशी थांबले. वासरू आहे म्हणजे गाय असणारच, हे ओळखून ते सरळ आत आले.

"याला काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"गळा सुजला," अलमेलू म्हणाली. "संध्याकाळपर्यंत संपलं."

अशा रोगाने मेलेलं जनावर पुरायचं असतं, त्याचं कातडं काढायचं नसतं, म्हणून आधी डॉक्टर रागावले. मग सावकाश म्हणाले, "घटसर्प होता तो. त्याचीच लस आहे ही. सरकारची आहे, फुकट आहे. पावसाआधी टोचली असती तर हा आज हिंडत असता, अम्मा."

अलमेलूने माझ्या गळ्यावर हात ठेवला. पोटातल्या वासराला सुईचं भय नाही, पावसाचं आहे, असं डॉक्टरांनी तिला समजावलं. दूध मात्र काही दिवस कमी होईल, हेही लपवलं नाही. तिथेच घोडं अडलं. दूध कमी पडलं की गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे जाणार, आणि गेलेली परत येत नाहीत. मग गाईला खायला काय घालायचं?

तेव्हा कृष्णवेणीबाई म्हणाल्या, "आमच्या घरी तोवर काळी कापी."

दाराआड सेतुमाधवराव उभे होते. घट्ट दुधाच्या कापीशिवाय ज्यांचं पान हलत नाही, असे ते. त्यांनी एक सुस्कारा सोडला, कोट आवळला आणि गल्लीतल्या घरोघरी तेच सांगायला निघाले. कुणी कुरकुर केली, कुणी हो म्हटलं. पण दुसरा गवळी कुणी धरला नाही.

सुई बघताच लच्चुमी बिथरली, दोरी तोडायला निघाली. मग मला तिच्यासमोर उभं केलं. ती माझी बटणं चाटत राहिली आणि सुई कधी टोचली ते तिला कळलंही नाही. तोवर पान्ह्यापलीकडे मी कुणाच्या उपयोगी पडलो नव्हतो. त्या दिवशी पडलो.

पाऊस आला. पलीकडच्या गल्लीत दोन गाई गळा सुजून गेल्या. अलमेलू रोज उठल्या उठल्या लच्चुमीचा गळा चाचपायची. गळा तसाच राहिला. संक्रांतीआधीच्या मार्गळी महिन्याच्या थंडीत, दारोदारी रांगोळ्या पडत होत्या तेव्हा, आईला कालवड झाली. कपाळावर चांद असलेली, भारी खट्याळ.

त्यानंतर आईने माझ्याकडे बघितलं नाही. खोटं का बोलू, पहिल्या दिवशी जीव तुटला. मग धाकटी लुचायला लागली, तो आवाज ऐकला, आणि वाटलं, असंच असायला हवं.

उद्या भोगी. मद्रासमध्ये भोगीला जुनं-पानं जाळतात. फाटक्या चटया आणि झिजल्या केरसुण्यांच्या ढिगावर मलाही आणून ठेवलंय. कृष्णवेणीबाईंनी बटणं सोडवून घेतली, कोटाला परत लावायला. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. आता मला दिसत नाही, नुसतं ऐकू येतं.

आज सकाळी अलमेलू गाय घेऊन इथून गेली. लच्चुमी थांबली. तिची जीभ माझ्या गळ्यावर लागली, जिथे सूज आली होती तिथेच. तेवढ्यात धाकटी हंबरली आणि ती गेली.

अलमेलू, पुढच्या पावसाआधी धाकटीलाही डॉक्टरांकडे ने. लपवू नकोस. पुन्हा कुणात पेंढा भरायची वेळ येऊ देऊ नकोस. आणि एक कर. उद्या मला पेटवशील तेव्हा आईला दुसऱ्या गल्लीने ने. धाकटीला पुढे चालव, म्हणजे आई मागे वळून बघणार नाही.