पालथं मडकं

माझ्या सासूची, साळूबाईची, रायगडावर जागा होती. बाजारपेठेच्या चौथऱ्यांसमोरचा एक धोंडा. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तिथंच दही-ताक घेऊन बसायची. आमच्या वाडीची रीत अशी, की बाई आजारी पडली, बाळंत झाली, तर आपल्या धोंड्यावर मडकं पालथं घालून उतरायचं. मडकं असेतो तिथं दुसरी बसत नाही. बाई मेली, की घरच्यांनी ते तिथंच फोडायचं. मग जागा मोकळी.

श्रावणात शेवाळावरून घसरून तिचा खुबा मोडला. मडकं पालथं घातलं आणि डोलीतून पायथ्याला, पाचाडला माझ्या खानावळीत आली. जरा बरं वाटल्यावर रोज सकाळी काठी घेऊन चुलीपासून रस्त्यापर्यंत चालायची.

"रोपवेनं जाते बघ दिवाळीला. धोंडा वाट बघत असंल, माधुरी."

"धोंड्याला दुसरं काय काम आहे?" मी म्हणायचे.

तिचा धाकटा, नीलेश, गडावर गाइड. राजधानीचा इतिहास असा सांगतो, की राजसभेत माणसं चपला काढतात आणि टकमक टोकावर डोळे पुसतात.

दिवाळीत पुण्याचा एक ग्रुप जेवायला उतरला. त्यातल्या एक बाई भाकरी मोडता मोडता थांबल्या. "आज गडावर फार हळवं झालं हो. आमच्या गाइडची आई गेली. तिचं मडकं फोडलं आमच्यासमोर."

त्यांनी मोबाइल पुढे धरला. शेजारी लसूण सोलणाऱ्या साळूबाईनंही मान वाकडी करून पाहिलं. नीलेश भरल्या गळ्यानं सांगत होता, "हजार वर्षांची परंपरा." मागे त्याची बायको अनुपमा, कोरी नऊवारी, नाकात नथ, दह्याचं भांडं घेऊन तयार. खापऱ्या बाजूला होताच धोंड्यावर बसली.

"तुम्ही ओळखत होता का त्यांना, मावशी?"

"होय," साळूबाई म्हणाली. "तोंडाची वाईट होती. दही मात्र बरं लावायची."

संध्याकाळी नीलेश आला. आईकडे न बघता म्हणाला, "वहिनी, चहा."

"सुतक आहे. चूल पेटवली नाही."

"तुम्ही पण ना. जागा घरातच राहिली की. आय काय आता वर येनार हाय?"

"बसलीये समोर. विचार तिलाच."

साळूबाईनं लसणाची सालं सुपात गोळा केली. "किती फटक्यांत फुटलं रे?"

"दोन."

"तुझ्या आजीचं एकात फुटलेलं."

तो मान खाजवत राहिला. मग हळूच म्हणाला, "आये, तुझी बाकीची मडकी कुठं हायत? शनवारी मुंबईचा ग्रुप हाय. त्यांनी व्हिडिओ बघितलाय. त्यांना पण तेच पायजे."

मी हातातली पळी खाली ठेवली. ती मात्र उठली. काठी टेकत मागच्या पडवीत गेली, एकेक मडकं बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं आणि एक त्याच्या हातात दिलं.

"हे ने. तडा गेलाय ह्याला. लोकांसमोर दोन फटके बरे दिसत नाय."

तो मडकं काखेत मारून गेला.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर ती चुलीपाशी बसलेली. काठी चुलीत, अर्धीअधिक जळालेली.

"चहा टाक गो," ती म्हणाली. "जाळ चांगला लागलाय."