खुंटबाबा आणि काकांचं बोट

काकांचं बोट शेवटी वाचलं, म्हणजे जेवढं उरलं होतं तेवढं. पण हे मी सांगितलंच नाही असं धरा, कारण सध्या ते चांगलंच धोक्यात आहे आणि काका ते उंच धरून गर्दीत उभे आहेत.

गर्दी गोदामामागच्या अंगणात, एका छाटलेल्या केळीभोवती. खुंटबाबाने आदल्या संध्याकाळी सर्वांसमक्ष तिचा खुंट विळ्याने आडवा कापला होता आणि मग तो त्याच्यापाशी बसून बराच वेळ पुटपुटला होता. सकाळी कापाच्या मधोमध बोटभर कोवळा कोंब. लोक हात जोडून बघत होते. एकाने केळीची माफीही मागितली.

"कापलेलं वाढतं," बाबा म्हणाला. "डॉक्टर टाके घालतो. टाके म्हणजे वाढीला कुलूप."

आमचे काका सुतार. करवतीने त्यांच्या तर्जनीचं पेर नेलं होतं. जखम चिघळली आहे, आज साफ केली नाही तर अख्खं बोट काढावं लागेल, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. काकांनी त्यांना शांतपणे कळवलं, की आपण नव्या पेराची वाट बघतोय. बाबाने नखासकट कबूल केलं होतं.

घरी येऊन काकूंनी परसातल्या तीन केळी छाटल्या. पहिलीपुढे बाबासारखं पुटपुटल्या, दुसरीपुढे गप्प बसल्या, तिसरीला मनापासून शिव्या दिल्या. त्यातल्या बऱ्याच काकांसाठी राखून ठेवलेल्या असाव्यात. दुपारपर्यंत तिन्ही वर आल्या. शिव्या खाल्लेली जरा जास्तच.

मग काकूंनी ती उभी चिरली. "बघा. हे खोड नाहीच. पानांचे देठ आहेत, एकावर एक गुंडाळलेले. खरं खोड जमिनीखाली, कंदात. वरून छाटलं तरी खालून नवं पान सुरळीसारखं वर येतच राहतं."

काकांनी बोटाकडे पाहिलं. "मग माझं?"

"तुमचा कंद कुठे पुरलाय?"

काका विचारात पडले. बहुतेक खरंच आठवत होते. मग त्यांनी चपला घातल्या. डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली, पेर परत येणार नाही असं सांगितलं आणि बाकीचं राहील असंही.

संध्याकाळी काकूंनी भर गर्दीत बाबाला घड उतरवलेली केळ छाटायला लावली. बाबा टाळाटाळ करत होता, लोकांनी विळा हातात दिला. सकाळी कोंब नाही. या केळीची श्रद्धा कमी पडते, असं बाबाचं म्हणणं. काकूंनी सांगितलं, की एकदा केळफूल आलं की त्या केळीला नवं पान येत नाही. म्हणून बाबा कायम न फुललेलीच निवडतो. केळफुलाची भाजी होते, कच्च्या केळ्यांची होते, आतल्या पांढऱ्या गाभ्याचीही होते. बोट मात्र कशातूनच होत नाही. एवढं बोलून त्यांनी गाभा काढला आणि घरी नेऊन शिजवला.

तेव्हा मंडळी, कोणी मंतरून काही वाढवून दाखवलं, तर न मंतरलेलंही एक शेजारी ठेवा आणि थांबून बघा. जखम असेल तर थांबू नका, दवाखाना गाठा.

सबब, खुंटबाबा यांस विनंती, की पुढील जाहीर प्रयोगासाठी केळीऐवजी स्वतःची तर्जनी उपलब्ध करून द्यावी. विळा आमच्यातर्फे पुरवण्यात येईल. कोंब येईपर्यंत टाके घातले जाणार नाहीत, याची नोंद घ्यावी.