जगाचा शेवटचा रविवार

"ही कढई तू घेऊन जा," ताई म्हणाली. "मला आता लागायची नाही."

"आणि सोमवारी भाजी कशात करशील?"

"सोमवार यायचाच नाहीये रे."

धाकट्या भावाने कपाळावर हात मारून घेतला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. एखादी गोष्ट वर कशाने जाते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नसे. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं, त्यापायी स्वतःचं लग्नही राहू दिलं. अलीकडे ती एका प्रार्थनामंडळात जायची. तिथल्या पाळकांनी ग्रंथातल्या आकड्यांची जुळवाजुळव करून प्रभूच्या परत येण्याचा दिवस काढला होता. येत्या रविवारी, सूर्य मावळताना. असा एक दिवस त्यांनी पूर्वीही काढला होता. तो कोरडाच गेला, तेव्हा भावाने ताईची यथेच्छ टिंगल केली होती.

या वेळी त्याला हसू येत नव्हतं. ताईच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन लगेच करा, असं डॉक्टरांनी बजावूनही ती ते पुढे ढकलत राहिली होती.

"अगं, तो दिवस कुणालाच कळणार नाही, असं तुमच्याच ग्रंथात आहे ना? मग पाळकांच्या कानात कोण सांगून गेलं?"

"तुला नाही कळायचं ते."

"मला गाठ कळते, ताई. ती काही रविवारची वाट बघत थांबलेली नाही."

ताईने कढई त्याच्या हातात कोंबली.

रविवारी मंडळी प्रार्थनाघराच्या गच्चीवर जमली. ताईला जिना चढवेना. ती मध्येच पायरीवर धापा टाकत बसली, तेव्हा भावाने मुकाट्याने तिला पाठुंगळी घेतलं. ती इतकी हलकी झाली होती की उरलेल्या पायऱ्या तो कुठेही न थांबता चढून गेला.

वर सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे होते. एकीच्या कडेवर तान्हं बाळ होतं. सूर्य समोरच्या पाण्याच्या टाक्यांमागे गेला. उजेड ओसरला. तरी बराच वेळ कुणी जागचं हललं नाही. मग ते बाळ भुकेने रडायला लागलं, आणि एक म्हातारा शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "माझ्या चपला दिसताहेत का हो कुठे?"

"गणितात थोडी चूक राहिली," पाळक घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पुढच्या वर्षी नक्की..."

भाऊ ताडकन पुढे झाला. कधीपासून घोळवलेले शब्द त्याच्या जिभेवर आले होते. पण पाळकांची हनुवटी थरथरत होती, आणि मागून ताईने त्याची बाही धरली.

"घरी चल," ती म्हणाली. "चारचौघांत नको."

सोमवारी त्याने तिला इस्पितळात नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी त्याला एकट्यालाच बाहेर बोलावलं. "फार पसरलंय. आता कापून काही उपयोग नाही."

पुढे तो रोज कामावरून थेट वॉर्डात यायचा. एका संध्याकाळी ताई छताकडे बघत म्हणाली, "तुझंच खरं निघालं शेवटी."

"जाऊ दे ना ते."

"पण येईल ना रे तो? कधीतरी?"

ताईशी तो आजवर खोटं बोलला नव्हता.

"येईल की," तो म्हणाला.

"कधी?"

"ते कुणाला सांगता येतं का, ताई?"

तिने मान हलवली. मग महत्प्रयासाने भिंतीकडे सरकत तिने त्याला खाटेवर बसायला जागा करून दिली.