मोठ्या आवाजातलं आमेन

टेलरबाईंनी मशीनवरचा पाय उचलला, फोनवर बोट टेकवून आपला आवाज सुरू केला, ‘आमेन!’ म्हणाल्या, आवाज पुन्हा बंद केला आणि स्कर्टची पुढची चुणी सुईखाली सरकवली. सगळं एका दमात.

चर्चच्या मंडळीतल्या बायकांची रोज संध्याकाळी फोनवर प्रार्थना असे. एकेक जण आपली अडचण सांगे, मग पाळकबाई ती देवापुढे ठेवत. मशीनची खडखड इतरांना नको म्हणून टेलरबाई आपला आवाज बंद ठेवत आणि कुणी बोलायचं थांबलं की तेवढ्यापुरता उघडत. ‘तुमचं आमेन ऐकलं की बरं वाटतं,’ असं पाळकबाई एकदा म्हणाल्या होत्या, तेव्हापासून ते जरा जास्तच खणखणीत झालं होतं. कोण काय सांगतंय हे मशीनच्या नादात कानावरून जाई, पण प्रार्थना चुकली नाही याचं समाधान मिळे. शाळा उघडायला आल्या होत्या, खोलीभर गणवेशांचे ढीग होते. देवालाही कळतं, पोट प्रत्येकाला आहे, असं त्या नवऱ्याला ऐकवत.

दोरा तुटला. फोनमधून कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं. टेलरबाईंनी दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, डोळे बारीक केले आणि चक्क पहिल्याच खेपेला सुई ओवली गेली. तेवढ्यात बोलणं थांबलं.

“आमेन! हालेलुया! प्रभूची स्तुती असो!”

पलीकडे पाळकबाईंनी घसा खाकरून घाईघाईने प्रभूची प्रार्थना म्हटली आणि एकेक जण फोन ठेवून गेली.

नवरा आतल्या दारात येऊन उभा राहिला होता.

“काय बोललीस हे?”

“का? आमेन म्हटलं.”

“कशाला म्हटलंस, माहीत आहे? धाकटी बोलत होती. म्हणाली, माझ्याच्यानं आता प्रार्थना होत नाही, देवानं आम्हाला टाकलंय असं वाटतं. आणि त्यावर तू म्हणतेस, प्रभूची स्तुती असो!”

धाकटी म्हणजे त्यांची जाऊ. दीर वर्षभर अंथरुणाला खिळलेले, उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. टेलरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी ओवलेली सुई तशीच सोडली, पायांत चपला सरकवल्या आणि दोन गल्ल्या पलीकडे निघाल्या. वाटेत त्यांनी सबबी जुळवल्या. फोन अडकला होता. आवाज मागेपुढे येत होता. एकेक सबब अगदी चोख बसत होती आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती.

जावेने दार उघडलं. तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. नवऱ्याचं अंग पुसून ती नुकतीच उठली होती.

“या ताई. मला वाटलंच, तुम्ही याल.”

“अगं, ते मघाशी...”

“आधी राग आला मला, खोटं कशाला बोलू? सगळ्या चिडीचूप झाल्या आणि तुम्ही एकट्याच बोललात.” जाऊ ओले हात पदराला पुसत राहिली. “मग वाटलं, ताई उगाच बोलायच्या नाहीत. त्यांचा विश्वास मोठा. माझ्या तसल्या बोलण्यातही त्यांना काहीतरी दिसलं असणार. तेव्हापासून तेच धरून बसलेय. सांगा ना, काय दिसलं तुम्हाला?”

टेलरबाईंच्या जिभेवर बायबलमधली वचनं होती. एक नाही, चांगली चार-पाच. त्यातलं कुठलंही चाललं असतं, जाऊ तर ओंजळ पसरूनच उभी होती. पलंगावरून दीर त्यांच्याकडे एकटक पाहत होते.

“काही दिसलं नाही गं,” त्या म्हणाल्या. “मी ऐकतच नव्हते. शिवत होते.”

जावेचे हात थांबले.

“आजच?”

टेलरबाईंनी जमिनीकडे पाहिलं.

“रोजच.”

“मग मी एवढे दिवस जे सांगत होते...”

“कळलं नाही. त्यातलं काहीच.”

जाऊ खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. तिने बोलावं, ओरडावं, निघा म्हणावं, असं टेलरबाईंना वाटत होतं. ती रडतही नव्हती. मग ती वळली.

“बसा.”

खोलीत खुर्ची नव्हती. दिरांनी डावा हात चादरीवरून हळूहळू सरकवत अंगाजवळ घेतला. मोकळ्या झालेल्या तेवढ्या जागेत टेलरबाई मान खाली घालून टेकल्या.

“पहिल्यापासून सांगते,” जाऊ म्हणाली. “मध्ये काही म्हणू नका.”