कोनाड्यातला डोळा

दचकू नका बाई, कोनाड्यात देवांच्या बाजूला डबीवर बसलोय ना, तो मी बोलतोय. मी प्लास्टिकचा पापुद्रा, कांद्याच्या सालीएवढा पातळ. समुद्रातल्या माकुलाला म्हणे कातडीनंही उजेड कळतो. त्याचा कित्ता गिरवून गुणवंतीनं मला कॉलेजच्या लॅबमध्ये घडवलं. अंगावर जवळून दिव्याचा उजेड पडला की माझ्यातून वीज खेळते आणि डबीतली घंटी किणकिणते.

गुणवंती डिलाईल रोडच्या चाळीतली. तिची आजी सुभद्रा डोळ्यांनी पार अधू, तरी तिन्हीसांजेचा दिवा तीच लावणार! पेटला की नाही ते कळायला ज्योतीवर बोटं धरायची. एकदा पदरच पेटला, तेव्हा सून अंबिका, म्हणजे गुणवंतीची आई, कडाडली, "आई, बस्स झालं! उद्यापासून दिवा मी लावीन."

"मग मी काय नुसती भिंतीला टेकून बसू?" आजी रडवेली झाली.

म्हणून गुणवंतीनं मला घरी आणलं. "आई, दसऱ्याला आजीला लावू दे. घंटी वाजली तर दिवा तिचा, नाहीतर तुझा."

आता गंमत ऐका. आजोबा दगडू मिलमधले साचेवाले, मागावर कापड विणणारे. दर दसऱ्याला आपल्या साच्याची पूजा करायचे. संप झाला, साचे गेले ते गेलेच. त्यानंतर घरच्या माणसाच्या हातचं यंत्र म्हणून आलेला मीच पहिला. मग काय विचारता! दसऱ्याच्या सकाळीच आजीनं चाचपत चाचपत नेमकी माझ्यावरच हळदकुंकवाची बोटं ओढली. भरघोस!

तिन्हीसांजेला तिनं वात पेटवली. सगळ्यांचे कान डबीकडे. मी गप्प! मला दिसतंय कुठे?

"नाही वाजली," अंबिका म्हणाली, पण तिचाही आवाज पडला होता. आजीनं काडेपेटी सुनेपुढे धरली.

गुणवंतीनं वाकून मला बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगो आजी, याच्या डोळ्यातच कुंकू घातलंस की!"

तिनं मला पुसलं मात्र, मी असा किणकिणलो की शेजारची शेवंता धावत आली.

"मिलचा भोंगा गेला, आता हा घरचा भोंगा!" आजोबा खदखदून हसले.

अंबिकानं काडेपेटी सासूच्या मुठीत परत कोंबली. "लावा तुम्हीच. पण पदर खोचून हां!"

आता माझ्या कडा पिवळ्या पडल्यात. गुणवंती नवा पापुद्रा आणणार म्हणते. आण बाई. पण मला कचऱ्यात टाकू नका. शेवंताच्या सासूलाही हल्ली कमी दिसतं. तिच्या कोनाड्यात माझ्या अजून दोन दिवाळ्या सहज निघतील.