पाणी न पिणारी गाडी

“आनि घाटात चढली न्हाय तर?” हिरामणने विचारलं.

नवी गाडी बघायला करंजाच्या धक्क्यावर अख्खा कोळीवाडा लोटला होता, आणि तेवढ्या गर्दीत तिला नावं ठेवणारा हिरामण एकटाच होता. मुंबईहून गाडी पोचवायला आलेला कंपनीचा माणूस घसा कोरडा होईपर्यंत तिचे गुण गात होता. डिझेलवर चालते, पेट्रोलच्या मानाने खर्च निम्मा. मागे चारी बाजूंनी बंद पेटी, आतून जस्ताचा पत्रा, दाराला रबराची पट्टी. मासळी आणि बर्फ भरून एकदा दार लावलं, की पुण्यापर्यंत ना ऊन लागणार, ना माशी बसणार, ना रस्त्यावर पाणी गळणार. बायका आत हात घालून पत्रा चाचपून बघत होत्या.

“साडेतीन टन भरा आणि बोरघाटात सोडा,” तो माणूस म्हणाला. “हूं की चूं करणार नाही.”

“घाट म्हंजी काय तुमची मुंबईची गल्ली हाय? बारा वरसं मी तो चढतोय. भल्याभल्यांना तिथं फेस आलाय.”

“हिरामण,” मच्छीमार सोसायटीचे चेअरमन काळूराम शांतपणे म्हणाले, “ही गाडी शिकायला जा म्हनून पहिलं कुनाला सांगितलं व्हतं?”

लोक हसले. हिरामणने खिशातून तंबाखू काढली आणि खाली मान घालून मळत बसला.

खोटं काय होतं त्यात? कंपनीने एका ड्रायव्हरला पंधरा दिवस शिकवायचं कबूल केलं, तेव्हा चेअरमन आधी हिरामणच्याच दारात आले होते. तेव्हा हा ओटीवर पाय पसरून म्हणाला होता, “मना कोन शिकवनार? सद्याला धाडा. त्याला कुठं काय येतंय.” सदा म्हणजे याचाच क्लीनर. आठ वर्षं याच्या हाताखाली चाकं धुतली, शिव्या खाल्ल्या. सदा मुंबईला गेला, शिकून आला आणि नव्या गाडीची चावी आपसूक त्याच्या हातात पडली. स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतल्यावर ओरडायचं तरी कुणाच्या नावाने?

हिरामणची लॉरी होती पेट्रोलची, लढाई संपल्यावर मिलिटरीने मोडीत काढलेली. मासळीवर बर्फ, बर्फावर लाकडाचा भुसा आणि वर ताडपत्री असा तिचा थाट. उन्हाळ्यात इंजिनातल्या पेट्रोलपंपावर ओलं फडकं गुंडाळलं नाही तर ती गुदमरायची आणि घाटात हटकून उकळायची. पण ती हिरामणची होती. नवी गाडी भरल्या मालासकट पहिल्या खेपेला घाट नीट चढली, तर लॉरी विकून टाकायची असं कमिटीने ठरवलं होतं. आणि लॉरी गेली की हिरामणच्या हातातलं स्टेअरिंग गेलं.

त्याला रात्रीचं जेवण जाईना. त्याची बायको कमळ भाकरी थापता थापता बघत होती.

“सवत आल्यावर बाया फुगतात, तसं तोंड झालंय तुमचं,” ती म्हणाली. “पोरगा शिकला तं शिकला. तुमच्याच हाताखालचा हाय.”

“त्याचंच तं दुःख हाय,” हिरामण म्हणाला आणि ताट सारून उठला.

दुसऱ्या कुणाच्या हाताखालचा पोरगा असता तर चाललं असतं. ज्याला नट कुठल्या बाजूने पिळायचा ते आपण शिकवलं, त्याने आपल्यादेखत उंच गादीवर बसावं आणि दोन्ही आरशांत बघत हॉर्न मारावा, हे त्याच्या छातीत माशाच्या काट्यासारखं रुतून बसलं होतं.

सकाळी चेअरमनचा निरोप आला: सदाने भरल्या मालाने गाडी घाटात कधी चढवलेली नाही, तेव्हा पहिल्या खेपेला हिरामणने सोबत जावं. सदाने ती चढवली नव्हती, कारण हिरामणने घाटात त्याला कधी स्टेअरिंगला हातच लावू दिला नव्हता.

निघण्याआधी त्याने देव्हाऱ्यातल्या एकवीरेच्या तसबिरीपुढे हात जोडले. “आई, लोकांसमोर मान खाली घालायला लावू नको. एकदा, एकदाच ती गाडी घाटात तापव. तुझ्या डोंगराच्या पायथ्याशी नारळ फोडीन.” असला नवस कुणी उघड बोलत नाही. त्याने नारळ पिशवीत घातला. शेजारी सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची पुडी ठेवली. ती आवडाबाईसाठी.

आवडाबाई घाटात, मधल्या वळणावर एका झोपडीत चहा विकायची. नवरा रस्त्याच्या कामावर गेला तो दरडीखालीच राहिला, तेव्हापासून एकटी. लॉरी नेमकी तिच्या वळणावर उकळायची आणि ती झऱ्याचं पाणी बादलीत घेऊन उभी असायची. खालून येणारा लॉरीचा आवाज ती ओळखायची. उन्हाळ्यात झरा आटत आला की पाण्यासाठी पार खाली उतरावं लागे, तरी हिरामणची बादली भरलेली असे. इतर ड्रायव्हर मागायचे, तर सांगायची, “ती न्हाय. ती मासळीवाल्या दादाची.” मग इंजिन निवेपर्यंत तो दगडावर बसून चहा प्यायचा. तिच्या शेळीच्या, त्याच्या पोरींच्या लग्नाच्या गोष्टी व्हायच्या. सोसायटीत त्याला कामं सांगायचे, घरी दुखणीखुपणी. तिथे मात्र तो पाहुणा असे. एखाद्या वेळी दुसरी लॉरी आधी येऊन उभी असली तरी त्याला राग यायचा.

दुपारी मासळी भरून गाडी निघाली. सदाने चावी फिरवली, जरा थांबला.

“का रं, बसली का?” हिरामणने उत्साहाने विचारलं.

“न्हाय काका, डिझेलला आधी हीटरनं गरम करायला लागतं. दमानं घ्यायला लागतं,” सदा म्हणाला आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली.

हिरामण डाव्या बाजूला बसला होता, क्लीनरच्या जागेवर. आठ वर्षं सदा जिथे बसायचा तिथे. उरण मागे पडलं, पनवेल गेलं. त्याची नजर रस्त्यावर कमी आणि इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्यावर जास्त. तो काटा मध्यावर जाऊन बसला तो बसलाच. खोपोलीला सदाने उतरून टायर ठोकून पाहिले, मागचं दार उघडून हात घातला. “काका, बघा तं! बर्फ तसाच हाय.”

हिरामणने बघितलं नाही. त्याला दिसला असता म्हणूनच बघितलं नाही.

घाट लागला. सदाने गियर खाली घेतला आणि गाडी कुरकुर न करता चढू लागली. पुढे दोन लॉऱ्या बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या होत्या. त्यांच्या बाजूने ही निघून गेली. हिरामण मनात म्हणत होता, आता. या वळणावर. नाही, पुढच्या. आई, बघतेस ना? काटा मध्यावरच. सदाच्या कपाळावर घाम होता. वळण आलं की तो चोरून हिरामणकडे बघे आणि हिरामणचा हात आपोआप हवेत फिरे, कुठे दाबायचं, कुठे सोडायचं. हाताला मत्सर कळत नव्हता.

आणि मधलं वळण आलं.

आवडाबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. पायाशी भरलेली बादली. ऊन उतरलं होतं, तिने डोळ्यांवर हात धरला होता आणि ती खालच्या रस्त्याकडे कान देऊन बघत होती. समोर आलेल्या या बंद पांढऱ्या गाडीकडे तिचं लक्षच नव्हतं. ती लॉरीची वाट बघत होती.

“आवडामावशी उभी हाय,” सदा म्हणाला. “थांबवू?”

हिरामणने पुडी मुठीत घट्ट धरली. थांबलो तर तिला काय दिसणार? सदा स्टेअरिंगवर आणि आपण क्लीनरच्या जागेवर. आणि उतरून सांगायचं काय? पाणी नको म्हणून?

“मासली खोळंबंल,” तो म्हणाला. “चल तू.” आणि मान खाली घालून तो पायाशी काहीतरी शोधू लागला.

गाडी धूळ उडवत गेली. आरशात त्याला दिसलं: तिने पदर नाकाला लावला, धूळ बसू नये म्हणून बादलीवर हात धरला आणि पुन्हा खाली बघायला लागली.

घाट संपला. सदा एकटाच हसत सुटला होता. कार्ल्याच्या फाट्यावर, एकवीरेच्या डोंगराकडे तोंड करून, त्याने गाडी उभी केली. कुठलाही कोळी तिथे हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही. हात जोडता जोडता त्याची नजर हिरामणच्या पिशवीकडे गेली.

“काका, नारल आनलाय तुमी?”

हिरामणने पिशवी जवळ ओढली.

“आनि मना वाटलं, तुमी माझ्यावर राग धरून हाव. माझ्याच गाडीसाठी नवस बोललाव!” सदा वाकून त्याच्या पाया पडला. वाकलेल्या पोराचा शर्ट पाठीवर घामाने चिकटला होता. “खरं सांगू? प्रत्येक वलनाला तुमचा हात बघून चालवली मी.”

हिरामणला तोंड उघडून खरं सांगता आलं नाही. त्याने नारळ घेतला आणि दगडावर आपटला. एका घावात दोन सरळ वाट्या झाल्या. लोक याला चांगला शकुन म्हणतात. आईने आपलं ऐकलं नाही ते बरंच केलं, असं त्याच्या मनात आलं, आणि तसं आल्याचाही त्याला राग आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याच्या बाजारात मासळी उतरली तेव्हा व्यापारी पापलेटाचे डोळे बघून ताजेपणाची खात्री करत होते आणि सदाला शाबासकी देत होते. हिरामण बाजूला उभा राहून ऐकत होता. जळत होता, पण काल जळत होता तेवढा नाही. त्याच्या डोक्यात ती बादली होती.

परतताना घाट उतरताना तो म्हणाला, “मधल्या वलनावर थांबव.”

“उतारावर कशाला, काका?”

“थांबव म्हनतो ना.”

गाडी थांबली. आवडाबाई झोपडीतून बाहेर आली. आधी गाडीकडे बघितलं, मग डाव्या दारातून उतरणाऱ्या हिरामणकडे.

“दादा, काल कुठं अडकला? अंधार पडंपर्यंत उभी व्हते. लारी बिघडली का?”

“न्हाय. काल गेलो मी. हिच्यातनं.”

तिने गाडीला एक फेरी मारली. बंद पेटीवरून हात फिरवला, पुढे येऊन कान लावला. “तापली न्हाय?”

“हिला पानी लागत न्हाय आवडाबाई. तापतच न्हाय ही.”

“मंग आता थांबायची न्हाय.”

“लारी विकनार हायेत.” त्याने पुडी पुढे केली, वर नारळाची एक वाटी ठेवली. “परसाद हाय. एकवीरेचा.”

“नवस व्हता?”

“व्हता.”

“पावली?”

हिरामणने सदाकडे बघितलं. तो पोरगा अदबीने गाडीपाशीच उभा होता. “पावली,” हिरामण म्हणाला. “सदाला पावली.”

कालची बादली झोपडीच्या दाराशी तशीच होती, भरलेली, वर पान झाकलेलं. आवडाबाईने पान काढलं आणि शेळीपुढे ठेवायला ती उचलली.

“दे इकडं,” हिरामण म्हणाला.

त्याने तिच्या हातून बादली घेतली, खांद्यावरचं फडकं पाण्यात बुडवलं आणि तो गाडीच्या पुढच्या चाकावर पाय ठेवून वर चढला. घाटाची धूळ काचेवर जाड बसली होती.

“काका, अवो तुमी नका, मी पुसतो,” सदा धावत आला.

“तू बस आत,” हिरामण म्हणाला. “डायवरनं काच पुसायची नसते.”

आणि त्याने ड्रायव्हरच्या बाजूची काच आधी पुसायला घेतली. सावकाश, कोपऱ्यापर्यंत, बादलीतलं सगळं पाणी संपेपर्यंत. आवडाबाई रिकामी बादली परत घ्यायला खाली उभी होती.